जांघेतलं दुखणं, सांगितलं अपेंडिक्स

माझ्या थोरल्या भावाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

मी चादरीच्या कारखान्यात कामाला. सुताचे जड बीम उचलून मागावर चढवायचे, त्यावरच पोट. त्यातच जांघेत हर्निया झाला. सोलापुरातच ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली. डॉक्टरांनी बजावलं, वरचे टाके सुकले म्हणजे आतलं भरलं असं नाही. एवढ्यात जड उचललं तर आतडं पुन्हा खाली उतरेल, आणि मग बीमचं काम कायमचं विसरायचं.

भाचीचं लग्न तेव्हा मोडनिंबच्या पाहुण्यांकडं ठरत आलं होतं. जांघेतला आजार म्हटलं की आपल्याकडं लोक लगेच भलतीकडं बघतात. थोरल्यानं मला न विचारताच सगळ्या पाहुण्यांत सांगून टाकलं, धाकट्याचं अपेंडिक्स काढलं. म्हणे घराण्याची अब्रू. माझ्या जांघेत कसली आलीय डोंबलाची अब्रू!

नवरीला मामानं उचलून बोहल्यावर आणायचं, ही आमच्यातली रीत. मामा दोघंच, मी आणि हा. हाच उचलणार म्हणून मी निवांत होतो. ऐन वेळेला हा कमरेवर हात ठेवून उभा. कंबर धरलीय म्हणाला. मी त्याला बाजूला घेऊन डॉक्टरांनी काय बजावलंय त्याची आठवण दिली, तर माझ्या कानाशी आला.

"अपेंडिक्सला काय हुतंय? उचल गप. पावणे बघाय लागलेत."

स्वतः मारलेली थाप हा मलाच ऐकवत होता. पोरगी बिचारी शालूत, दागिन्यांत, माझ्याकडं बघत उभी. उचलली. पायरी चढताना आत काहीतरी सटकलं, ते मला तिथंच कळलं. घाम फुटला, तरी तिला नीट खाली ठेवली. संध्याकाळी वरातीत हा बहाद्दर सगळ्यांच्या पुढं नाचत होता. बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जांघेत पुन्हा फुगवटा आला. पुन्हा ऑपरेशन. मालकानं माझ्या जागी दुसरा माणूस घेतला, मी घरी बसलो.

थोरला शहाळं घेऊन भेटायला आला. मी शहाळ्याला हातही लावला नाही. म्हटलं, आता तरी लोकांना खरं सांग, हर्निया होता आणि तुझ्यामुळं परत झाला. त्यानं खुर्ची ओढली, आरामात बसला.

"सांग की. आता कुणालाबी सांग. लगीन झालं न्हवं."