जिन्यातलं जागृत देवस्थान

सरकारी कचेरीत देवाधर्माची चिन्हं नकोत, हे माझं मत जुनं आणि पक्कं आहे. घोटाळा एवढाच, की ते मत मी नागपुरातल्या एका सरकारी कचेरीच्या जिन्यापाशी बसून बाळगत होते. माझं टेबल जिन्याच्या वळणाला लागून. त्या वळणाच्या कोपऱ्यात येणारा-जाणारा खर्रा थुंकायचा. रंग देऊन झाला, 'थुंकू नये'ची पाटी लावून झाली. लोक पाटीवरच नेम धरायचे. सुपारी-तंबाखूच्या त्या वासात माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

शेवटी साहेबांनी तिथे देवांच्या टाइल्स बसवल्या. गणपती, बुद्ध, क्रॉस, दर्गा, सगळे शेजारी शेजारी. दुसऱ्या दिवसापासून भिंत कोरडी. मत बाजूला ठेवून मी पोटभर जेवले. लोक जाता-येता हात जोडू लागले. सावनेरकडची एक म्हातारी, गेलेल्या नवऱ्याच्या शेतावर आपलं नाव चढावं म्हणून खेटे घालायची. ती प्रत्येक टाइलला डोकं टेकवायची, वर जायची आणि "पुढच्या आठवड्यात या" ऐकून खाली यायची.

मग कोणीतरी तक्रार केली, सरकारी भिंतीवर धार्मिक चिन्हं कशी काय? अगदी माझंच मत! पण त्या माणसाचा मला असा राग आला की विचारू नका. टाइल्स काढायचा आदेश आला. आमचा शिपाई म्हणाला, "मॅडम, मी नाही हात लावून राहिलो. मले लेकरंबाळं आहे." लेकरंबाळं साहेबांनाही होती. शेवटी बाहेरून मिस्त्री आणला. त्याने चपला काढल्या, प्रत्येक देवाची वेगवेगळी माफी मागितली आणि छिन्नी लावली.

संध्याकाळपर्यंत कोपरा पुन्हा लाल.

माझं डोकंच फिरलं. सकाळी कोपरा धुवून घेतला, टेबल ओढून आणवलं आणि तिथे मीच ठाण मांडलं. पहिला गडी गाल फुगवून आला. म्हटलं, "काहून गा, माह्या अंगावर थुकतं का?" त्याने तोंडातला सगळा खर्रा गिळला. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या. आठवडाभर कोपऱ्यात एक थेंब पडला नाही. "मॅडम, तुम्ही तर देवापेक्षा जागृत निघाल्या," शिपाई म्हणाला. मी मनातून जाम खूश.

पण लोकांची सवय कुठे जाते? वळणावर आले की हात जोडले जायचेच, आता माझ्यापुढे. साहेबांना वेगळीच काळजी. "आता तुमच्याबद्दल तक्रार नाही आली म्हणजे मिळवली!"

आणि एक दिवस ती म्हातारी आली. टाइल्स शोधत भिंतीवर हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं आणि सरळ माझ्या टेबलाच्या कडेला डोकं टेकवलं.

"माय, माह्या कागदाचं पाह्य वं. आता तूच आहे इथं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाइल्सचं बरं होतं, त्यांना गप्प बसता येत होतं. मला पगार होता. मी तिच्या हातातला कागद घेतला, तिचा दंड धरून तिला वर नेलं आणि साहेबांसमोर खुर्ची ओढून बसले. सही होईपर्यंत उठले नाही.

म्हातारी कागद छातीशी धरून हसत जिना उतरली. मी तिच्या मागे. कोपरा लाल झाला होता.