जमिनीखालचं पीक

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळे बादलीबाई म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी त्यांना चालतं. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी धुतल्या. निवृत्त झाल्यावर बस डेपोमागच्या कचऱ्याच्या मैदानावर बावीस घरं गोळा करून त्यांनी शेत उभं केलं. नियम एकच: घरातल्या सालीदेठांची बादली आणल्याशिवाय फाटकातून आत पाऊल टाकायचं नाही. एकदा सख्ख्या नवऱ्यालाही त्यांनी परत पाठवलं. ते बिचारे डबा द्यायला आले होते.

जमीन नगरपालिकेची. करारात अट अशी की तपासणीच्या दिवशी जमिनीचा एकही तुकडा पडीक दिसला, तर मैदान परत घेणार आणि तिथे गाड्यांचा तळ करणार.

तपासणीला महिना आहे म्हणून बाईंनी मधल्या मोठ्या तुकड्यातला कमरेएवढा ताग कापून मातीत गाडला. विकतचं खत घालायचं नाही, हा त्यांचा हट्ट. ताग कुजला की तेच खत. आणि चौथ्या दिवशी निरोप आला की तपासणीचे साहेब उद्याच येतायत. मधला तुकडा तर उघडाबोडका!

मग मी शहाणपणा केला. बाईंना न सांगता रोपवाटिकेतून कोबीची दीडशे रोपं आणली आणि शेतावरच्या आम्ही चौघींनी अंधार पडायच्या आत लावून टाकली. तुकडा हिरवागार दिसायला लागला. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

सकाळी बाई आल्या, बादली खाली ठेवली आणि रोपं उपटायला लागल्या.

"अहो जाऊबाई, काय करताय? तासाभरात साहेब येतील!"

"ताग अजून कुजतोय. आठवड्यात ही सगळी रोपं मरतील."

"मरू देत ना! आजचा दिवस तर निघेल!"

"एकतीस वर्षांत मी डागावर पावडर मारून एक चादर पाठवली नाही. आता मारू?"

मला इतका संताप आला की त्यांच्या हातातलं रोप हिसकावून मी परत लावायला बसले. मातीत बोटं घातली आणि दचकलेच. आत चांगलीच ऊब होती, नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या पातेल्यासारखी. हातातल्या रोपाची पानं एका रात्रीत मलूल झाली होती. मी गुपचूप शेजारचं रोप उपटलं.

साहेब आले तेव्हा आम्ही दोघी शेवटची ओळ उपटत होतो.

"हे पडीक दिसतंय," म्हणत त्यांनी पेन काढलं. बाईंनी त्यांच्या दुसऱ्या हातात फावडं दिलं.

"खणा."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. शेवटी साहेबांनी खणलं. काळे पडलेले तागाचे दांडे वर आले, मागोमाग वाफ आली.

"पण बाई, उभं पीक कुठाय?"

"आडवं आहे. तीन आठवड्यांनी इथे घेवडा पेरणार. पडीक लिहायचं तर खुशाल लिहा, पण खणल्यावर काय निघालं तेही लिहा आणि खाली सही करा. हीच माती बादलीत भरून मी तुमच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवते."

साहेबांनी बराच वेळ फॉर्म खालीवर केला. मग समासात लिहिलं: 'ताग. जमिनीखाली. महिन्याने फेरतपासणी.' "आज सोडलं, पुढच्या वेळी साली आणल्याशिवाय फाटकातून आत यायचं नाही," बाईंनी त्यांना बजावलं.

तो महिना मला वर्षासारखा गेला. बाई मात्र रोज सकाळी येऊन मातीत हात घालून ऊब किती उरलीय ते बघायच्या, आणि तीन आठवडे झाल्यावरच त्यांनी घेवडा पेरला.

महिन्याने साहेब फाटकाशी आले आणि घुटमळले. पिशवीतून त्यांनी केळ्याच्या चार साली काढल्या. बाईंनी फाटक उघडलं.

मधल्या तुकड्यात घेवडा दोन-दोन पानांवर आला होता. साहेबांनी फाइल काखेत मारली, खाली वाकले आणि बोटं मातीत खुपसली.

"गार झाली की हो," ते म्हणाले, आणि मातीच्या हातानेच सही केली.