काचेतून शिकलेलं बोलणं

समोरच्या दारातल्या मागवालीस,

तू तिकडे नव्या शेजारणींना सांगतेस म्हणे, की आमची मुलगी वर्षाच्या आतच बोलायला लागली. तुझा नवरा फोनवर सांगत होता आणि हसत होता. मी हसले नाही. मी तुमच्या समोरच्या दारात राहत होते, माझे कान ठणठणीत होते, आणि दोन वर्षं उलटून गेली तरी मी त्या पोरीच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता. तरी तू खोटं बोलतेस असंही मला म्हणता येत नाही, आणि हीच माझी पंचाईत आहे. फोनवर तुला सांगण्यात अर्थ नाही, फोन कायम तुझा नवराच घेतो. म्हणून लिहिते. यातलं अर्धं तुला माहीत आहे. उरलेलं अर्धं वाचून घे.

तुम्ही समोर राहायला आलात तेव्हा महिनाभर मला वाटलं, या नवराबायकोचा अबोला आहे. भांडी वाजायची, खुर्ची सरकायची, टीव्ही तर भिंत हलेल इतका मोठा. माणसाचा आवाज मात्र नाही. मग एकदा दार उघडं दिसलं. तुम्ही दोघं समोरासमोर बसून रंगात येऊन गप्पा मारत होतात. ओठ ताणले जात होते, भुवया वर चढत होत्या, हातवारे चालले होते, आणि नवऱ्याच्या कुठल्याशा थापेवर तू हसून हसून टेबलावर डोकं टेकलंस. आवाज काय तो हसण्याचा.

यंत्रमागाच्या शेडमध्ये कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही, हे तूच मला नंतर समजावलंस. सहा मागांच्या मधून दिवसभर फिरायचं, तुटलेला धागा सांधायचा, सुताची कांडी संपली की बदलायची, आणि पलीकडच्या बाईला काही सांगायचं तर ओठांनी. तू सोळाव्या वर्षी तिथे लागलीस. नवरा तिथलाच जॉबर, माग बिघडला की दुरुस्त करणारा. तुमचं लग्न ठरलं तेही त्या धडधडाटात, एक अक्षर न बोलता, असं तू मोठ्या अभिमानाने सांगायचीस. मला ते ऐकूनच धाप लागायची. मी बी. ए. होऊन टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. माणसं मी आवाजावरून ओळखते. चेहरा बघत बसायला मला कधी वेळ नव्हता.

मूल झालं, रजा संपली. तुझी नणंद म्हणाली, माझ्याकडे सोड, पण शेडमध्ये नेऊ नकोस, त्या गोंगाटात लेकराचं काहीतरी होऊन बसेल. नणंद राहायची परगावी. पोरीला सुट्टीच्या दिवशी तेवढं भेटायचं, हे तुला मान्य नव्हतं. माझी मुलगी माझ्या नजरेसमोर राहील, असं तू तिला ठणकावलंस आणि खरंच नजरेसमोर ठेवलंस. शेडला लागून सुताची खोली, मधे मोठी काच. सूत तोलणारी बाई पोरीकडे लक्ष ठेवायची. पोर रिकाम्या खोक्यात बसायची आणि तू मागांमधून येताजाता काचेपाशी थांबून तिच्याशी बोलायचीस. काच असली तरी खोलीतही धडधड होतीच, त्यामुळे ती तोलणारी बाईही ओठांनीच बोले.

रोज संध्याकाळी जिन्यात तू मला बातमी द्यायचीस, माझ्यासाठी मुद्दाम आवाज काढून. आज तिने 'बाबा' म्हटलं. आज 'पाणी'. आज 'पुरे' म्हणाली आणि वाटी ढकलली. आज दोन शब्द जोडले, 'आई ये'. कुठला दात आधी आला, सुताच्या गठ्ठ्याला धरून कशी उभी राहिली, पहिलं पाऊल कुणाकडे टाकलं, सगळं तुझ्या तोंडपाठ. 'काका' तिला अजून जमत नाही, म्हणायचीस, 'मामा' लगेच जमलं. मी म्हणायचे, छान. आणि पोरगी माझ्यासमोर आली की नुसती तोंडाची उघडझाप करायची, माशासारखी. रडणं खणखणीत, हसणं खणखणीत, शब्दाचा पत्ता नाही. मला वाटायचं, कार्टी वेडावून दाखवते. मग मीही तिला वेडावून दाखवायचे.

तिचं 'मुकादम' हे नाव मीच पाडलं. काही हवं असलं की आधी माझ्या दंडावर दोन थापा, मग हनुवटी धरून माझं तोंड स्वतःच्या तोंडासमोर ओढून घ्यायचं, आणि मग हुकूम सोडायचा. हुकूम मला कधीच कळला नाही, पण पाळावा लागायचा.

दोन वर्षं झाली. एकदा तू तिला माझ्याकडे सोडून भाजी आणायला गेलीस. ती माझ्याकडे पाठ करून कपड्यांचे चिमटे डब्यात भरत होती. माझ्या हातून कुकरचं झाकण फरशीवर पडलं. मी स्वतः दचकले. तिने मानसुद्धा वळवली नाही. मी टाळ्या वाजवल्या. ताट बडवलं. नावाने हाक मारली, लाडाने मारली, दरडावून मारली. चिमटे डब्यात पडत राहिले.

गूळ लावून बोलणं मला जमत नाही. तू पिशवी घेऊन दारात आलीस आणि मी म्हणाले, "हिला ऐकू येत नाही."

"मावशी, ती दिवसभर बोलते."

"काय बोलते? एक शब्द मला ऐकव."

"तुम्ही पडलात टेलिफोनवाल्या. तुम्हाला तोंडं बघायची सवयच नाही."

पोरीला उचललंस आणि दार लावून घेतलंस. जिन्यातल्या बातम्या बंद झाल्या. राग आला असता तर तू माझ्याशी भांडली असतीस. तू भांडणात कुणाला ऐकणारी नव्हेस. तू घाबरली होतीस. पोरीला ऐकू येत नसेल तर ते कशामुळे, हे तुला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि नणंद तर सांगायला टपलेलीच होती. तो निकाल पोरीचा नव्हता, तुझा होता. काही दिवसांनी तुझा नवरा माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याने ओठ हलवले, मग मी शेडमधली नाही हे लक्षात येऊन घोगऱ्या आवाजात म्हणाला, जेवत नाहीये हो. मी विचारलं, मुकादम? तो म्हणाला, तिची आई.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

सुट्टीचा दिवस होता, सकाळची वेळ. तुमचं दार उघडं. मुकादम दाराकडे तोंड करून जमिनीवर बसली होती आणि डबे एकात एक घालत होती. तू तिच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभी. आणि तू तिला हाका मारत होतीस. जबडा पूर्ण उघडून, गळ्याच्या शिरा ताणून, पुन्हा पुन्हा. पोरगी वळत नव्हती. तुझ्या डोळ्यांना धार लागली होती. आणि घरात डब्यांच्या टणटणाटाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

मला उमगायला जरा वेळ लागला. तू आवाज काढतच नव्हतीस.

मी दारातून म्हणाले, अगं, आवाज काढून हाक मार. तू ढिम्म. पुन्हा म्हणाले, मोठ्याने. मुकादमने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तू पाहिलं नाहीस, तुझे डोळे पोरीच्या पाठीवर खिळलेले. पोरीने मला ऐकलं की समोर उभी नुसती दिसले, हे मी तेव्हा शपथेवर सांगू शकले नसते. पण तुझ्याबद्दल सांगू शकले असते.

मी आत आले, तुझ्या दंडावर दोन थापा मारल्या आणि विचारलं, तिला हाक मारलीस का. किती वेळ मारतेय, असं काहीतरी म्हणालीस, तेही ओठांनीच. मी तुझा हात धरून तुझ्याच गळ्यावर ठेवला. म्हटलं, परत मार. तू मारलीस. हाताला काहीही लागलं नाही. तुझा चेहरा उतरला, पण भीती गेली नाही. कारण हाक निघाली नव्हती एवढंच सिद्ध झालं होतं, पोरीच्या कानांचं काहीच नाही.

उद्या खाडा कर, मी म्हणाले. तू केलास.

कान तपासायची ती खोली आठवते? चारी भिंतींना जाड फोम, एका भिंतीत काच, मधे खुर्ची, खुर्चीत तू, मांडीवर मुकादम. दोन्ही बाजूंना एकेक काळी पेटी, तिच्यात बसवलेलं खेळण्यातलं अस्वल. तपासणीवाल्या बाई काचेच्या अलीकडे यंत्रापाशी, आणि मी त्यांच्या मागे, आगाऊपणे उभी. त्यांनी मला सांगितलं, आवाज आल्यावर बाळ त्या बाजूला वळलं तर अस्वल उजळेल आणि ढोल वाजवेल. आधी थोडं शिकवावं लागतं. वळलीच नाही तर मग बघू. ते 'मग बघू' मला आवडलं नाही.

काचेतून तू माझ्याकडे बघून ओठांनी काहीतरी म्हणालीस. मला ओ की ठो कळलं नाही. मी आपली मान डोलावली.

पहिला आवाज गेला. मुकादम आपल्या सँडलचा बंद ओढत बसली. दुसरा गेला. बंदच. बाईंनी काहीतरी बटण फिरवलं. मी माझ्या पर्सचा पट्टा इतका पिळला की तो तुटायच्या बेतात आला. तिसऱ्या आवाजाला तिचा हात थांबला. बंद हातातच, आणि मान हळूहळू डावीकडे वळली. अस्वल उजळलं. मुकादम खुदकन हसली. मग उजवीकडून आवाज, उजवीकडे वळली. मग आवाज लहान झाला, आणखी लहान, मला बाहेर लावलेल्या स्पीकरवर जेमतेम लागेल इतका. पोरगी प्रत्येक वेळी वळत होती, बक्षीस वसूल केल्यासारखी.

आणि तू? तू समोर बघत होतीस. फाशीच्या हुकुमाची वाट बघणाऱ्या माणसासारखी, अंग आवळून. अस्वल उजळलं की त्याच्याकडे एक नजर टाकायचीस आणि पुन्हा बाईंच्या हातांकडे. बाईंचा हात मधेच थबकला. त्या पोरीकडे बघेनाशा झाल्या, तुझ्याकडे बघायला लागल्या. मग माझ्याकडे वळल्या.

त्यांनी जाऊन दार उघडलं. तू म्हणालीस, "खेळणी छान आहेत हो. पण आवाज कधी लावणार?"

बाई तुझ्यासमोर उकिडव्या बसल्या. तुझ्या तोंडाकडे तोंड करून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आवाज लावून झाले. मुलीला ऐकू येतं."

"दोन्ही कानांनी?"

"दोन्ही."

तू आधी रडली नाहीस. आधी विचारलंस, मग ती बोलत का नाही. बाई म्हणाल्या, गोंगाटात वाढलेलं मूल आवाजाकडे वळणं सोडून देतं, आवाजात त्याचं काही काम नसतं. आणि हिच्याशी कुणी आवाजाने बोललेलंच नाही. त्या सुताच्या खोलीतून काढा, माणसांच्या आवाजात ठेवा. मग तू रडलीस, ते त्या खोलीतच, फोमच्या भिंतींमध्ये, तुझा आवाज मला नीटसा ऐकूही आला नाही.

तेव्हापासून मुकादम दिवसा माझ्याकडे. मी दिवसभर बडबड करायचे, टेलिफोनच्या नोकरीतही एवढी केली नव्हती. महिने गेले आणि एक दिवस मी तिचे केस विंचरत होते तेव्हा आला, पहिला शब्द, आवाजासकट: नको. संध्याकाळी जिन्यात या वेळी बातमी माझ्याकडे होती. तू विचारलंस, कसा आहे आवाज? मी म्हटलं, जाड आहे, बापावर गेलाय. तू हसलीस. मग तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवलीस आणि तिला कंगवा दाखवलास. ती 'नको' म्हणाली, आणि तू बोटं काढलीच नाहीस. पुढे पुढे ती माझ्याशी आवाजाने बोलायची आणि तुझ्याशी ओठांनी. दोन्ही दुकानं व्यवस्थित चालू.

राहिली तुझी तपासणी. त्या दिवशी निघताना बाईंनी तुलाही तारीख दिली होती, मला बजावलं होतं, यांना घेऊन या. मी तुझ्या मागे लागले. तू म्हणालीस, मला काय कमी पडतंय, मला सगळं दिसतं. मग खरं कारण निघालं: कानाला मशीन दिसलं की मालक मागावरून उठवून झाडू हातात देईल. मी म्हटलं, मशीन शेडमध्ये कशाला लावतेस, घरी लाव, पोरीचा आवाज ऐकायला लाव. त्यावर तू म्हणालीस, बरं, सोमवारी. सोमवारी मी चपला घालून पर्ससकट दारात उभी. तू समोरच्या दारातून आलीस, पोरीला माझ्याकडे दिलंस. मागावर सुताचं नवं बीम चढवायचंय, म्हणालीस, पुढच्या सोमवारी नक्की. पुढच्या सोमवारी जॉबरला ताप होता. त्यानंतरच्या सोमवारी मालकाने शेड गुंडाळायची बातमी फोडली, आणि मग तुमचा टेम्पोच भरला.

तपासणीवाल्या बाई मध्यंतरी बाजारात भेटल्या. त्या मुलीची आई आल्या नाहीत का, म्हणाल्या. मी म्हटलं, येणार आहेत, सोमवारी.