शिलाईच्या वहीतली माझी मापं

गिरण्यांच्या संपाचा नववा महिना. करी रोडच्या आमच्या चाळीत माणशी दोन किलो तांदूळ वाटत होते. वाटायला दोन कार्यकर्ते, आणि खुर्चीवर आमचे डॉक्टर. भोईवाड्यात त्यांचा दवाखाना. मी पिशवी पुढे केली तसे डॉक्टर हसले.

"हिला कशाला? सगळ्यांची पोटं खपाटीला गेली, हिचं सुटलंय. लपून काय खातेस गं?"

रांग हसली. शेजारीण कुजबुजली, "गे बाय, गप रव." पिशवी रिकामीच घरी आली.

मी गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होते. कापसाच्या धुळीनं दम लागायचा. डॉक्टर कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या द्यायचे. नाव कधी सांगितलं नाही. श्वास मोकळा व्हायचा, म्हणून दीड वर्ष घेतल्या. देव मानलं त्यांना.

संपात मी ब्लाउज शिवायचे. घरी येऊन मापांची वही काढली. त्यात माझंही जुनं माप होतं. कंबर एकतीस, दंड अकरा. टेप लावली. कंबर अडतीस, दंड नऊ. चोरून खाल्लं असतं तर दंडही भरला असता. हिशेब जुळेना.

वही आणि पुडी घेऊन परळच्या मोठ्या इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाईंनी माझा गोल झालेला चेहरा, मानेमागचा उंचवटा, पोटावरचे जांभळे चरे पाहिले. रक्त तपासलं. साखर वाढलेली.

"या स्टेरॉइडच्या असाव्यात. शरीरातल्या एका हॉर्मोनसारखं काम करतात. फार झालं की चरबी पोटावर, मानेवर साठते, हातपाय झिजतात, साखर चढते. तुमच्या खाण्याचा दोष नाही. पण एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. हळूहळू उतरवू. आधी गोळीचं नाव आणा."

म्हणजे ते पोट डॉक्टरांनीच दिलेलं. आणि त्यालाच चारचौघांत हसले.

तशीच भोईवाड्याच्या दवाखान्यात गेले. बाकडी भरलेली. म्हटलं, "गोळीचं नाव लिहून द्या."

"तुला इंग्रजी वाचता येतं?"

"नाही. येतं त्या इस्पितळात बसल्यात. लिहा."

वही उघडून दोन्ही मापं त्यांच्यापुढे ठेवली. बाकड्यांवर कुणी हसलं नाही. त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं. माफी मात्र मागितली नाही.

ते तांदूळ मिळाले नाहीत. गोळ्या हळूहळू सुटल्या, रक्तातली साखर राहिली. चिठ्ठी मापांच्या पानाला टाचलेली आहे. तेव्हापासून नाव लिहून घेतल्याशिवाय माझ्या घरात कुणी गोळी गिळत नाही. देणारा कितीही मोठा असो. आधी लिहा, मग द्या.