आठ खोल्या, एक मीटर आणि नलूताईचा सूर्य

एका मीटरवर आठ खोल्या असल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत, दुधावर साय धरते तसे आपोआप धरतात. कुणी मला विचारलं, "सूर्यावर चालणारी वस्तू घेतली की लाइटबिल खरंच उतरतं का हो?" तर मी म्हणते, बसा. चहा ठेवते. आधी आमच्या बोईसरचं ऐका.

ऐंशी सालानंतरच्या गोष्टी या. आमचे हे कराडकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आलेले. स्टेशनजवळ दुमजली चाळीत खोली मिळाली. मीटर सगळ्यांत मिळून एक, आणि बिल आठ खोल्यांत सारखं वाटायचं. मालकांचा नियम एकच, विजेची शेगडी लावायची नाही. सापडली की खोली खाली!

आता रॉकेल वेळेवर मिळेना, गॅसचा नंबर लागेना. म्हणून शेगडी प्रत्येकीकडे होती, कॉटखाली. वीज शेजारी तारापूरला तयार व्हायची आणि आम्ही ती दार लावून वापरायचो.

*

एक दिवस शेजारच्या नलूताईने सूर्यचूल आणली. नलूताई मूळची जवळच्याच पाम गावची, एका कारखान्यात पॅकिंगला जायची. पत्र्याची पेटी, वर काच, झाकणाला आतून आरसा, आणि आत ठेवायला काळे डबे. गच्चीवर पेटी उघडून ठेवायची आणि कामावर जायचं. आली की डाळभात तयार.

"सूर्याचा बिल नाय येत, बाय," ती मला म्हणाली.

जळले हो मी. खोटं कशाला बोलू? मी खिडकी लावून, कान जिन्याकडे ठेवून भात शिजवणार, आणि ही बाई राजरोस उघड्यावर!

*

पहिल्याच आठवड्यात एका कावळ्याला त्या आरशात दुसरा कावळा दिसला. रोज सकाळी येऊन तो आरशावर चोची मारायचा. नलूताईने फडकं हलवलं, खडे मारले. तो काही ऐकेना. बाकीच्या बायका हसायच्या. मला मात्र त्याचं दुःख बरोबर कळत होतं.

*

आमच्या ह्यांनी एकदा तिच्याकडची डाळ चाखली.

"काय चव आहे गं! मंद शिजते ना, म्हणून," हे म्हणाले.

"मग जेवायलाही तिकडेच जा," मी म्हटलं.

गेले!

*

त्या पेटीचं तोंड उन्हाप्रमाणे फिरवावं लागतं. नलूताई तर दिवसभर कामावर. कुणाला सांगितलं असेल तिने?

"सुमन, तू घरीच असतेस, जरा पेटी फिरव गो."

रोज गच्चीवर जाऊन मी ती पेटी फिरवायची. सवतीचा पाळणा हलवावा तशी. वर संध्याकाळी आमचे हे तिच्याच डाळीचं कौतुक करणार.

*

मग बिल आलं. नलूताईने शेगडी सोडली होती, तेव्हा ते उतरायला हवं होतं. चढलं!

कारण सरळ होतं. प्रत्येक खोलीने मनात म्हटलं, नलूताईची वीज वाचतेय, तर आपण जरा पाणीही तापवून घेऊ. मीही तेच म्हटलं होतं. बिल आपलं सारखं वाटलेलं.

नलूताई मालकांसमोर उभी राहिली. "भाऊ, सूर्य माझा, शेगड्या ह्यांच्या, नि बिल मी पन भरायचा?"

मालक चिडले. "आता मी कदी पन येईन. ज्याच्याकडं शेगडी गावंल, त्यानं त्याच दिवशी सामान बांधायचा."

ह्यांच्या शिफ्टची बस आमच्या दारात थांबायची. दुसरी अशी खोली कुठून आणायची? आणि हे सगळं कुणामुळे, तर तिच्यामुळे.

*

मालक आले ते नेमके आभाळ भरलेल्या दिवशी. आमची खोली वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून. खालून मालकांचा आवाज आला तेव्हा माझा भात रटरटत होता. शेगडी बंद करून मोरीत घमेल्याखाली ढकलली. पण भाताचं काय? रॉकेलचा स्टोव्ह थंडगार, आणि पातेल्यात उकळी! कुणालाही कळलं असतं.

फडक्यात पातेलं धरलं आणि गच्चीवर पळाले. नलूताईची पेटी रिकामीच होती. आत ठेवलं, झाकण लावलं, आणि दोरीवरचे कपडे चाचपत उभी राहिले.

मालक वरच्या खोल्या बघून गच्चीवर आले. पेटीच्या काचेवर वाफ धरलेली. त्यांनी झाकण उचललं. भात फुलून वर आलेला.

"उन नाय, काय नाय, नि भात शिजला?"

तेवढ्यात नलूताई कामावरून आली ती थेट वरच. तिने पातेल्यात पाहिलं. तिचे डबे काळे, आणि हे लख्ख स्टीलचं, काठावर नाव कोरलेलं, "सौ. सुमन हिला आत्याकडून." मालकांनी चष्मा लावलेला नव्हता. तिला चष्मा लागत नव्हता.

तिने माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती तर आमचं बिऱ्हाड रस्त्यावर होतं.

"पेटी गरमी धरून ठेवते, भाऊ," ती म्हणाली. "वाढू का थोडा?"

मालक दोन घास खाऊन खूश होऊन गेले. मी वाचले. उपकार करणाऱ्या बाईवर जळणं फार अवघड असतं. पण जमलं मला.

*

मालकांनी लगेच तशीच पेटी घेतली. ऊन मात्र पडेना. मालकीणबाई रोज तांदूळ ठेवायच्या आणि संध्याकाळी भिजलेले तांदूळ घरात न्यायच्या.

एका दुपारी मी आणि नलूताई गॅलरीत तांदूळ निवडत होतो. मालकीणबाई आल्या.

"नलू, तुजा आभाळात पन शिजला, मंग आमचा का नाय शिजत?"

नलूताईने सुपातून मान वर केली नाही. "त्याला हिच्या नावाचा पातेला लागते."

मालकीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी उठले. आत्याचं पातेलं घासून, पुसून त्यांच्या हातात दिलं.

महिनाभराने परत मागायला गेले.

"आमचा शिजला का मंग देते," म्हणाल्या.