रजा पायजे का निवृत्ती?

भर जानेवारीत, सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे स्वेटर घालून चहाच्या कपावर हात शेकत बसले होते, तेव्हा मी उठून पंखा लावला. भिलाईत जानेवारीतली सकाळ चांगलीच बोचरी असते. मी मात्र कपाळापासून मानेपर्यंत भिजले होते. साहेबांनी मफलर कानांवर ओढला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढचा मुद्दा घेतला.

मी एका लहानशा ढलाई कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. भट्टीत वितळलेल्या लोखंडाचा नमुना आमच्याकडे येतो. त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती हे आम्ही सांगितलं की मगच ते साच्यात ओततात. माझे वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथल्या मोठ्या पोलाद प्लांटमध्ये लागले होते. मी भिलाईतल्याच कॅम्प-१ वस्तीत वाढले आणि लग्न होऊन जवळच रिसालीत आले. तेव्हा घाम मला नवा नाही. पण हा घाम न सांगता यायचा आणि चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखा लगेच निघूनही जायचा.

मीटिंग संपल्यावर ज्यानं त्यानं आपापलं निदान दिलं. भट्टीवरचा फोरमन म्हणाला बीपी. स्टोअरवाला म्हणाला गॅस. कँटीनमधल्या मावशीनं नजर लागली असं ठरवून माझ्यावरून लाल मिरच्या ओवाळल्या आणि गॅसच्या शेगडीवर टाकल्या, त्यामुळे अख्ख्या कँटीनला खोकला झाला. डॉक्टरीणबाईंनी मात्र तपासून सांगितलं की पाळी जायची वेळ आली आहे. काहींना या दिवसांत अशा उष्णतेच्या लाटा येतात, झोप मोडते, विसरायला होतं. गोळ्या दिल्या आणि वर म्हणाल्या, काम पर भी बता दीजिए.

गोळ्या घेणं सोपं होतं. कामावर सांगणं मी रोज उद्यावर ढकलत होते. आमचे साहेब गोंदियाकडचे, माझ्या नवऱ्याच्या चांगल्या ओळखीचे. चारचौघांत ते मला मॅडम म्हणतात आणि हिंदीत बोलतात, एकट्यात वहिनी म्हणतात आणि मराठीत बोलतात. अशा माणसासमोर हा विषय कुठून काढायचा?

दरम्यान माझी स्मरणशक्ती दगा देऊ लागली. एकदा चिमटा मागायचा होता, तर तो शब्दच आठवेना. आमच्याकडे नुकतीच लागलेली ट्रेनी मुलगी समोर उभी होती. तिला मी म्हटलं, "अगं ते दे, भजी पलटवायचं." तिनं न हसता चिमटा दिला आणि बाहेर जाऊन हसली. तोवर गंमत होती. मग एके दिवशी मी कार्बनचा आकडा सिलिकॉनच्या रकान्यात लिहिला. त्या मुलीच्याच वेळेवर लक्षात आलं, नाहीतर भट्टीवाल्यांनी त्यावर विसंबून नको ते ओतलं असतं. त्या दिवशी मी खरंच घाबरले. घरी नवरा म्हणाला, तब्येत बरी नाही एवढंच सांग. पण तब्येतीवर एक दिवसाची सुट्टी मिळते, आणि माझं एका दिवसात भागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी केबिनमध्ये गेले. साहेब एकटेच होते. मी बसले आणि धीर जायच्या आत बोलून टाकलं.

"साहेब, माही पाळी बंद होऊन राहिली."

साहेब ताठ बसले. "कोणं बंद केली? रोस्टर तं मीच बनवतो."

आमच्याकडे शिफ्टलाही पाळीच म्हणतात, हे मला तेव्हा आठवलं. मी म्हटलं, ती पाळी नाही. त्यांनी तरीही भिंतीवरचा रोस्टर काढला, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि पहिली पाळी व्यवस्थित चालू असल्याचं मला दाखवलं. मग मी ठरवलं की पुस्तकातला शब्द वापरावा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

"रजोनिवृत्ती," मी म्हटलं.

त्यांनी जरा विचार केला. "रजा पायजे का निवृत्ती? एक काय ते सांगा. निवृत्तीले तं तुमाले अजून लय वर्षं आहेत."

मला हसू फुटलं आणि नेमकी त्याच वेळी लाटही आली. मी त्यांच्याच टेबलावरची फाईल उचलून वारा घ्यायला लागले. शेवटी इंग्रजीच कामाला आली. मेनोपॉज, मी म्हटलं, बायकांचं महिन्याचं थांबतं ते.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. आता हे विषय बदलणार असं मला वाटलं. पण त्यांनी उठून दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "वहिनी, याच्यात राग बी येते काय?"

"येते."

"मले वाटे माह्यामुळंच येते."

मग ते बोलत सुटले. त्यांची बायको दिवाळीपासून थंडीत खिडक्या उघडायची, डाळ खारट झाली म्हणून रडायची, आणि त्यांनी समजूत काढायला आणलेली साडी तिनं पिशवीसकट परत त्यांच्या हातात दिली होती. मी मदत मागायला गेले होते आणि देत बसले. बऱ्याच वेळानं मी आठवण केली की साहेब, माझं राहिलं.

मला दोन गोष्टी हव्या होत्या. काही महिने रात्रपाळी नको, आणि माझी खुर्ची काचेच्या खोलीत. आमच्या प्रयोगशाळेत एसी फक्त त्या खोलीत आहे, कारण तिथलं तपासणीचं मशीन तापलं की चुकीचे आकडे देतं. मी म्हटलं, माझंही तसंच आहे. साहेब हसले आणि खुर्ची त्याच दिवशी हलली. रात्रपाळीसाठी मात्र त्यांनी वर विचारलं, तर उत्तर आलं की असा नियम नाही, कोणी खुशीनं अदलाबदल करत असेल तर करा.

म्हणजे आता सगळ्यांना सांगणं आलं. साहेब म्हणाले, मी "स्वास्थ्य कारण" म्हणतो. मी नको म्हटलं. एवढं बोलून झाल्यावर पुन्हा त्या दोन शब्दांच्या मागं लपायची माझी इच्छा नव्हती. सकाळच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि हेल्मेट घालण्याच्या पोस्टरकडे बघत हिंदीत सगळं सांगितलं. स्टोअरवाला स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. मग ट्रेनी मुलगी म्हणाली, "मैडम, रात वाली मैं कर लूँगी. दिवाली में आप मेरी कर देना." सौदा पक्का झाला.

बाहेर फोरमननं मला गाठलं. ये आदमियों को भी होता है क्या, त्याला जाणून घ्यायचं होतं, कारण चिढ़ त्यालाही बहुत येते. मी म्हटलं, आपको तो शुरू से है. तो समाधानानं भट्टीकडे गेला.

त्याच आठवड्यात साहेबांच्या बायकोचा फोन आला. आम्ही लग्नाकार्यात भेटायचो तेवढीच ओळख होती.

"तुमी ह्याईले काय सांगितलं?" ती म्हणाली. "काईबी बोललं तं 'तुही चूक नाई' म्हणून राहिले. मले धड भांडताबी येऊन नाई राहिलं."

आम्ही खूप वेळ बोललो. मी तिला माझ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, आणि नंतर दोघी संध्याकाळी रिसालीत फिरायला जाऊ लागलो. पावसाळा सरता सरता माझ्या लाटा विरळ झाल्या. दिवाळीत मी ठरल्याप्रमाणे त्या मुलीच्या पाळ्या केल्या आणि मग रात्रपाळीही परत घेतली. फिरणं अजून चालू आहे. सुरुवातीला सगळा वेळ साहेबांच्या तक्रारी असायच्या, आता बोलण्यात ते फारसे येत नाहीत.