बेरिंगच्या गाडीचा ब्रेक

मुलांनो, तुमच्या नव्या स्केटबोर्डला ब्रेक कुठे आहे, असं तुमच्या बाबाने विचारलं म्हणे! पाच वर्षांचा असताना कारंज्याच्या बाजारात, बेरिंगच्या चाकांची फळीची गाडी घेतानाही त्याने हेच विचारलं होतं. ओट्यावरूनसुद्धा उडी न मारणारं पोर गाडीवर बसेल की नाही, हीच मला काळजी होती.

विकणारा गलेलठ्ठ, मिशाळ माणूस गडगडून हसला. "बेरेक? मंग पाय कायले देले रे देवानं?" धोतर खोचून तो स्वतःच गाडीवर बसला आणि "सरका, सरका!" ओरडत उतारावरून सुटला. पाय टेकवायचे मात्र विसरला आणि थेट कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगात घुसला.

तो मिशीतलं कुटार झटकत होता, तोच तुमचा बाबा धावत पोचला. "आता मी बसतो. पण काका, तुम्ही ढिगापाशीच उभे राहा."

आणि तो मिशाळ माणूस दोन्ही हात पसरून उभा राहिला.